भिंतीवरचा पत्ता

"मग बुवा, जिल्ह्याच्या पोटात तालुका ठेवू, की तालुक्याला वेगळंच नाव देऊ?"

रेवणबुवा साप धरायची फाटकी पिशवी शिवत होते. मान वर केली नाही.

सुयोग पाटणकर लॅपटॉप मांडीवर घेऊन मठाच्या ओसरीवर बसला होता. साप धरायला तो याच ओसरीवर शिकला. पुढे शहरात जाऊन वेबसाइटी बनवू लागला, आणि बुवांसाठीही एक बनवून दिली. साप चावला तर आज कुठल्या दवाखान्यात इंजेक्शन आहे, फोन कुणाला लावायचा, सगळं तिच्यावर. गडी हुशार, पण आपण हुशार आहोत हे त्याला अंमळ जास्तच ठाऊक होतं.

"त्यानं काय होतं?" बुवा म्हणाले.

"वेबसाइटच्या पत्त्याचीही घडण असते, बुवा. आधी प्रत्येक तालुक्याच्या पानाला नुसता आकडा होता. आपल्याला सात. आता सातावरून गुगलला काय कळणार, कपाळ? म्हणून पंधरा दिवसांपूर्वी सगळे पत्ते बदलले. आधी सर्पदंश, मग जिल्हा, मग तालुका. गुगलवर शोधलं तर पार तळाला होतो, आता पहिले!"

"पहिले..."

"एकदम पहिले! आता घडण अजून सुधारायची म्हणून विचारतोय."

बुवांनी सुई कापडात टोचून ठेवली. शाबासकी येणार म्हणून सुयोग सावरून बसला.

"जुन्या पत्त्यांचं काय केलंस?"

"काढून टाकले. अडगळ कशाला ठेवायची?"

बुवा उठले. "चल."

सुयोग लॅपटॉप काखेत मारून मागून निघाला. मठाखाली करंजपाडा होता. समाजमंदिराच्या भिंतीवर गेरूने वेबसाइटचा पत्ता लिहिलेला होता, शेवटी सातचा आकडा. बुवांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. सुयोगच्या कागदावर बघून, चित्र काढावं तसा, त्यांनी तो अडतीस पाड्यांवर आपल्या हाताने लिहिला होता. हे सुयोगला माहीत होतं. विसरला होता, एवढंच.

"फोन काढ. हे टाक."

सुयोगने टाकलं. पांढरं फटक पान आलं. हे पान सापडत नाही...

"पण बुवा, कुणी नुसतं शोधलं असतं ना, तर आपलंच पहिलं..."

"इथं कोण शोधतंय? भिंत वाचतात."

सुयोगने फोन खाली केला.

"सोमवारी जानूला गवत कापताना घोणस चावली," बुवा सावकाश म्हणाले. "त्याची बायको चांगुणा इथं धावत आली. भिंतीवर बघून एकेक अक्षर टाकलं. तीनदा टाकलं."

"मग...?"

"मग तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय."

"जवळचा म्हणून सरळ खालच्या दवाखान्यात नेला," बुवा पुढे म्हणाले. " तिथं इंजेक्शन नव्हतं. पुढच्या दवाखान्याच्या वाटेत गेला."

सुयोग तिथंच जोत्यावर बसला आणि ढसाढसा रडला. बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्याला तो हवा होता.

"आधी नीट कर," ते म्हणाले.

त्याने लॅपटॉप उघडला. एकेक जुना आकडा त्याने नव्या पत्त्याला जोडून दिला. मग फोनवर पुन्हा भिंतीवरचा पत्ता टाकला. पान झटकन उघडलं. आज इंजेक्शन कुठे आहे, कुणाला फोन करायचा, सगळं समोर.

"झालं, बुवा. आता जुना पत्ता टाकला तरी माणूस नव्यावर पोचतो. गुगलवरच्या नंबरलाही धक्का नाही." त्याने बाहीने डोळे पुसले. "पाच मिनिटांचं... पाच मिनिटांचं काम होतं हो!"

समोर जानूच्या घराचं दार उघडं होतं. आत कुणीतरी बसलेलं दिसत होतं.

"हे पाच मिनिटांचं चांगुणाला सांगू नकोस," बुवा म्हणाले. "जा. तिला एवढंच सांग, की तिचं काही चुकलं नव्हतं."