ऐकण्याआधीचा निकाल

एकदा एका वयोवृद्ध विधिज्ञांवर औषधांच्या एका कारखान्यातील खातेचौकशी सोपवण्यात आली. कायद्याचे शिक्षण नुकतेच संपवून त्यांच्या हाताखाली शिकायला आलेली ऋजुता मदतीला होती.

पॅकिंग विभागातील कुसुम वाघचौरे यांच्यावर दोन आरोप होते. परवानगीविना चालते यंत्र बंद केले, आणि पर्यवेक्षक डहाळे यांची कॉलर धरून त्यांना खाली पाडले. बारा वर्षांची नोकरी पणाला लागली होती. पण बाईंनी दोन्ही गोष्टी लेखी मान्य केल्या होत्या. डहाळ्यांची साक्षही झाली होती. राहिला होता तो केवळ बाईंचा जबाब. वेळ वाचावा म्हणून ऋजुताने आदल्या दिवशीच अहवाल तयार केला. आरोप सिद्ध, शिफारस बडतर्फीची. कलमे अचूक, भाषा नेमकी. शाबासकी मिळणार याविषयी तिला शंकाच नव्हती.

चौकशीच्या खोलीत मालक, डहाळे आणि कुसुमबाई येऊन बसल्यावर ऋजुताने तो अहवाल आपल्या सरांपुढे, त्या वृद्ध विधिज्ञांपुढे, ठेवला. सरांनी तो शांतपणे वाचला, वरची तारीख पाहिली आणि सर्वांदेखत फाडून टाकला.

ऋजुताचा चेहरा पांढराफटक पडला. मालक ताडकन उठले. "अहो, हे काय चालवलंय? बाईंनी स्वतः कबूल केलंय!"

सर कुसुमबाईंकडे वळले. "बाई, यंत्र का बंद केलंत?"

"का म्हणजे..." त्या गोंधळल्या. "डहाळे साहेबांचा हात आत चालला होता ना."

सरांनी हातानेच पुढे सांगण्याची खूण केली.

"यंत्रावरची सुरक्षेची जाळी काढून ते अडकलेला कागद ओढत होते. शर्टाची बाही रोलरमध्ये गेली. मी बटण दाबलं, कॉलर धरली आणि मागं खेचलं. दोघंही पडलो."

"मग हे लिहिलं का नाहीत?" ऋजुता जवळजवळ ओरडलीच.

"कागदावर तसं कुठं विचारलं होतं, मॅडम? बटण दाबलं का, कॉलर धरली का, एवढंच होतं. धरली होती, म्हणून हो लिहिलं."

डहाळे मान वर करेनात. "जाळी मीच काढली होती," ते पुटपुटले. "नोकरी जाईल म्हणून भ्यालो."

बाहेर आल्यावर ऋजुताने विचारले, "सर, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नाही. बाई दोषीच असतील असं मलाही वाटत होतं. तशा त्या निघाल्या असत्या, तरी तो अहवाल मी फाडलाच असता. म्हणणं मांडण्याचा हक्क कायद्यानं फक्त निर्दोष माणसाला दिलेला नाही. ज्याच्यावर आरोप आहे, त्या प्रत्येकाला दिलाय. आणि निकाल तयार असला की आपण समोरच्याचं ऐकत नाही, त्यातलं सोयीचं तेवढं वेचतो. तो कागद समोर असता, तर 'का' हा प्रश्न मलासुद्धा सुचला नसता."

आठवड्याभरात आरोप मागे घेण्यात आले. ऋजुता पॅकिंग विभागात जाऊन कुसुमबाईंना भेटली. "माझी चूक झाली," ती म्हणाली.

"तसं नाही, मॅडम," कुसुमबाई संकोचून म्हणाल्या. "आपल्यालाही काही सांगता येतं, हे मलाच कुठं माहीत होतं?"

ज्याला आपला हक्कच ठाऊक नाही, त्याला तो आधी सांगावा लागतो, हे ऋजुताला त्या क्षणी उमगले.