फिरंगिणीचा कातळ

कोंडवेळच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला एक काळा कातळ उघडा पडतो. त्याचं नाव फिरंगीण. पाहुणे नाव ऐकून हसतात. मग गावातले भिकाजी कुबल त्यांना धक्क्यावर बसवतात आणि सांगतात.

फार पूर्वी परमुलखातलं एक जहाज या किनाऱ्यावर व्यापारी गलबतं लुटत असे. लोक त्याला फिरंगीण म्हणत. लुटीचा परवाना म्हणे त्यांच्या राजानेच दिलेला. आपल्या आरमाराने ते लढून धरलं, आपलं निशाण चढवलं आणि कोंडवेळच्या धाकोजी खवळ्याला त्यावर तांडेल नेमलं. त्या लढाईत धाकोजीचा सख्खा भाऊ पडला होता.

त्या जहाजाची शिडं, दोर वेगळेच. म्हणून जुने नऊ खलाशी कामाला ठेवले, पायांत बेड्या घालून. किल्ली धाकोजीच्या कमरेला. कैदी मोकळे सोडायचे नाहीत, असा सुभेदाराचा हुकूम होता, आणि धाकोजीला तो मनापासून पटला होता.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर भरदुपारी वादळ उठलं. जहाज याच कातळावर आदळलं, तळ फुटला. कैदी ओरडू लागले. धाकोजी किल्ली मुठीत धरून उभाच राहिला. भाऊ डोळ्यांसमोर होता, असं सांगतात. पाणी गुडघ्यांना लागलं तेव्हा कुठे तो खाली वाकला.

आठ कुलपं निघाली. नववं, म्हाताऱ्या सुताराचं, खाऱ्या पाण्याने गंजलं होतं. किल्ली आत तुटली.

सुटलेले आठजण होडीत उतरून निघून गेले. आता ते कसले येतात, असं सगळ्यांना वाटलं. पण ते परत आले, धाकोजीच्या माणसांना किनाऱ्यावर पोचवायला. एकदा नव्हे, तीनदा. तोवर धाकोजी कोयत्याने कडी तोडत होता. पाणी छातीशी आलं. त्या म्हाताऱ्याला आपल्या बोलीतले चारच शब्द येत. त्याने धाकोजीचा हात बाजूला केला.

"जा, तांडेल," तो म्हणाला.

धाकोजीला लोकांनी ओढून काढलं. जहाज म्हाताऱ्यासकट बुडालं.

त्या आठांना सोडावं म्हणून धाकोजीने सुभेदारापुढे पागोटं ठेवलं. ते सुटले, आपल्या मुलखाला गेले. धाकोजी मात्र पुन्हा दर्यावर गेला नाही. मरताना त्याने गाव गोळा केला, आणि एवढंच मागितलं म्हणे:

"होडी धक्क्याला दोरीने बांधा, पण कुलूप घालू नका. किल्ली लागेपर्यंत पाणी थांबत नाही."

आजही कोंडवेळच्या होड्या नुसत्या दोरीने बांधलेल्या असतात. एखादी चोरीला जाते. गाव नवी बांधतो, कुलूप आणत नाही.