सगळ्यांच्या आधी पळालेला नाईक

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की डोंगरांना अजून नावं पडायची होती. अशाच एका बिननावाच्या डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. डोंगरावर दाट रान होतं. गावाच्या एका अंगाने ओढा वाहत होता आणि दुसऱ्या अंगाला, बऱ्याच उंचावर, एक उघडाबोडका कातळ होता. कातळावर गवतही धड उगवत नसे, म्हणून तिकडे कुणी फारसं फिरकत नसे.

गावाला एक नाईक होता. वयाने उतरणीला लागलेला, बोलायला सावकाश. एखादा निर्णय घेतला की तो बरोबर होता की चूक, या विचारात त्याचं जेवण निवत असे. हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं.

एका उन्हाळ्यात डोंगर पेटला. वाऱ्याने वणवा खाली रेटला आणि बघता बघता वरच्या आळीची घरं धडधडू लागली. लोक वाट फुटेल तिकडे धावत सुटले. तेव्हा नाईकाने गळ्यात ढोल अडकवला, तो बडवत तो ओढ्याच्या काठावर जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "ओढ्यात उतरा! सगळे ओढ्यात!"

माणसं उतरली, गुरं उतरली, शेळ्याकरडं उतरली. नाईक मात्र काठावर ढोल वाजवत राहिला. शेवटची म्हातारी पाण्यात उतरल्यावर तो उतरला. तोवर त्याच्या भुवया होरपळल्या होत्या.

वरची आळी जळून गेली, पण माणूस एकही गेला नाही. त्या दिवसापासून नाईक गावाचा देव झाला आणि ओढा गावाची माय झाला. गुरवाने ओढ्याकाठी शेंदूर लावून एक धोंडा मांडला, त्याला 'ओढामाय' म्हटलं आणि रोज संध्याकाळी तिथे दिवा लावू लागला. नाईकाचा ढोलही तिथेच झाडाला टांगला. आया लेकरांना मांडीवर घेऊन विचारायच्या, "ढोल वाजला की कुठं पळायचं?" आणि लेकरं टाळ्या पिटून म्हणायची, "ओढ्यात!"

ज्यांची घरं जळाली होती, त्यांनी नवी घरं ओढ्याला लागून बांधली. पुन्हा वणवा आलाच, तर दोन ढांगांत पाण्यात जाता यावं, हा त्यांचा हिशेब. त्यांत नाईकाची थोरली बहीणही होती. सगळं गाव तिला आक्का म्हणे. आक्का विधवा होती, तिखट जिभेची होती, आणि भावाचं कौतुक सांगताना तिला शेजारीण पुरत नसे. तिच्या घरात सून होती आणि पाळण्यात तान्ही नात होती.

पावसाळा जवळ आला तसा नाईक एकदा जळक्या डोंगरावर गेला. गवत कुठे फुटतंय का, हे त्याला पाहायचं होतं. चढून चढून घसा कोरडा पडला, म्हणून त्याने पाणी भरून आणलेला वाळका भोपळा काढला, तो हातातून निसटला आणि पाणी सांडलं. नाईक पाहतच राहिला. जमिनीने पाणी प्यायलंच नाही. अळूच्या पानावरून ओघळावं तसं ते राखेवरून ओघळलं आणि जाताना राख आणि बारीक खडे सोबत घेऊन गेलं. त्याने बोटाने माती उकरली. वरच्या राखेखाली तेलकट, मेणचट थर धरला होता. मुळं जळून गेली होती. मोठमोठे धोंडे नुसते एकमेकांच्या आधाराने थांबले होते.

"एवढ्याशा पाण्याने हे होतं," तो स्वतःशी म्हणाला, "तर आषाढात काय होईल?"

त्याने खाली पाहिलं. डोंगराच्या साऱ्या घळी एकाच जागी उतरत होत्या. ओढ्यात. आणि ओढ्याच्या काठी नव्या घरांची ओळ उभी होती.

नाईकाने गाव बोलावलं आणि पाहिलेलं सांगितलं. "यंदा ओढा आपला नाही," तो म्हणाला. "पाऊस लागला की चिखल आणि दगड ओढ्यानेच येतील. ढोल वाजला की कातळावर जायचं."

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"अरे, जळायचं ते जळलं," आक्का म्हणाली. "जळका डोंगर आता आणखी काय करणार? मेलेला वाघ चावतो होय?"

"आक्का, मी पाणी सांडलेलं पाहिलं."

"भोपळा नीट धरता येत नाही, ते सांग ना सरळ!"

सगळे हसले. नाईकालाही हसू आलं, आणि हसता हसताच शंका आली. आपलं पाहणं चुकलं तर नसेल? पण नाईकाचा शब्द होता. लोकांनी मान राखला. कातळाकडची वाट साफ केली. वर फांद्यांचा मांडव उभारला. घरोघर एकेक गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. त्यात भाजलेलं पीठ, मीठ आणि पांघरूण. एका ओढीसरशी सुटावीत म्हणून गुरांच्या दाव्यांना सुरगाठी मारल्या.

मग नाईक म्हणाला, "एकदा करून पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झाडाखाली गेला आणि त्याने ढोल बडवला. साऱ्या गावाने गाठोडी उचलली, गुरं सोडली आणि धाव घेतली ती थेट ओढ्यात. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर लोकांना आठवलं, की जायचं कातळावर होतं. आणखी गंमत म्हणजे गळ्यात ढोल घेऊन नाईक स्वतःही पाण्यातच उभा होता.

"बघा," गुरव म्हणाला, "पायांनासुद्धा माय ओळखीची झालीय."

त्या दिवशी नाईक जेवला नाही. लोकांच्या डोक्यात कातळ गेला होता, पायांत ओढाच होता. आणि तो तिथे घातला होता त्यानेच. विचार करता करता त्याच्या लक्षात आलं, की माणसं ढोलाच्या आवाजाकडे धावतात. ढोल ओढ्याकाठी, म्हणून तीही ओढ्याकाठी. मग ढोलच कातळावर का नेऊ नये?

ढोल वर गेला. पुढच्या वेळी एका तरण्या गड्याला वर पाठवून त्याने ढोल वाजवायला लावला आणि आपण खाली चौकात उभा राहिला. सगळे गेल्यावर शेवटी जायचं, ही त्याची रीत. लोक गाठोडी घेऊन घराबाहेर आले आणि त्याच्याभोवती गोळा झाले.

"चला की वर!" नाईक म्हणाला.

"चला की," लोक म्हणाले. "तुम्ही निघालात की आम्हीही निघतो."

"मी शेवटी येणार."

"मग घाई कसली? तुम्ही उभे आहात तोवर आम्हाला काय भीती?"

वर ढोल वाजून वाजून थकला. खाली लोक नाईकाच्या सावलीत पान खात बसले.

घरी आल्यावर नाईकाची बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, एक सांगू? त्यांना ढोल दिसत नाही. तुम्ही दिसता. तुम्ही खाली, म्हणून ते खाली."

"म्हणजे मी आधी पळू? नाईकाने?"

"मी कुठं पळा म्हणाले? मी भाकरी थापतेय."

होरपळलेल्या भुवयांवरून नाईकाने हात फिरवला. शेवटी पाण्यात उतरला म्हणून गावाने त्याला देव केलं होतं. तो आधी निघाला, तर गाव त्याला काय म्हणेल हे त्याला नीट ठाऊक होतं.

आषाढ लागला आणि पावसाने डोंगर धरून ठेवला. ओढा फुगला. पाणी राखेने काळं झालं होतं. पहिल्या दिवसांत लोक घाबरले, मग सवयीचे झाले. आणि एका दुपारी, पाऊस तसाच कोसळत असताना, ओढ्याचं पाणी उतरू लागलं. काठाला घासत होतं ते गुडघ्याशी आलं. आवाजही थांबला.

"मायेने ऐकलं!" गुरवाने नारळ फोडला. लोक दारात येऊन हात जोडू लागले.

नाईक काठावर उभा राहून पाण्याकडे पाहत होता. पाऊस थांबलेला नाही, मग पाणी जातंय कुठे? वरून पडतंय आणि खाली येत नाही, म्हणजे ते वर कुठेतरी अडलंय. राखेने, ओंडक्यांनी, धोंड्यांनी अडलंय. आणि अडलेलं पाणी कायमचं अडून राहत नाही.

आपण चुकत असू तर? तर गाव हसेल. बरोबर असू तर? हिशेब सरळ होता, तरी पाय उचलत नव्हते. मग त्याने बायकोला हाक मारली, गाठोडं घेऊन मागोमाग यायला सांगितलं आणि तो चालू लागला. चालणं पुरेना, तेव्हा पळू लागला. म्हातारा नाईक भर चौकातून, सगळ्यांच्या देखत, कातळाच्या वाटेने पळत सुटला.

काठावरून निघताच पहिलं दार आक्काचं होतं.

"अरे, कुठं निघालास?"

"वर."

"आणि आम्ही?"

"तुम्हीही या. आत्ता. पोरीला घे आणि ये."

"आम्हाला टाकून तू आधी?"

नाईकाला वाटलं थांबावं, पाळण्यातली पोर उचलावी, आक्काचा हात धरावा. पण तो थांबला असता तर आक्का थांबली असती, आक्का थांबली असती तर आळी थांबली असती. तो थांबला नाही. बहिणीकडे पाठ करून तो धावला आणि कातळावर पोचल्यावर त्याने ढोलावर हात टाकला.

खाली एकच गिल्ला झाला.

"नाईक पळाले!"

"ज्याला आपण देव म्हटलं तो हाच का?"

कुणी घाबरून गाठोडं उचललं आणि निघालं. नाईक पळतोय म्हणजे खरंच काहीतरी आहे, असं त्यांना वाटलं. कुणी रागाने निघालं. त्यांना नाईकाला गाठून विचारायचं होतं, की तुला लाज कशी वाटली नाही. सगळ्यांत जास्त संतापली होती आक्का. तिने पाळण्यातून नातीला उचललं, सुनेचा हात ओढला आणि पदर खोचून तरातरा चढू लागली.

"अहो सासूबाई, पोरीला कशाला घेता पावसात?" सून म्हणाली.

"हिच्या तोंडाकडे बघून सांगू दे त्याला, का पळाला ते!"

गुरवाला लोकांनी हाका मारल्या. तो ओढामायेपाशी, उतरलेल्या पाण्यात, हात जोडून उभा होता. "नाईक फिरले," तो म्हणाला. "माय फिरत नाही." तो जागचा हलला नाही.

आक्का कातळावर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. नाईक ढोल बडवतच होता. तिने त्याच्या हातातली टिपरी हिसकावली आणि नातीला त्याच्या पुढे धरलं.

"बघ हिच्याकडे! बघ आणि बोल! मेलेल्या आईची शपथ आहे तुला—"

तिचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. डोंगर बोलू लागला होता. आधी पायांखालचा कातळ थरथरला, मग वरच्या घळीतून काळी भिंत निघाली. पाणी म्हणावं तर त्यात पाणी थोडंच होतं. चिखल होता, जळके ओंडके होते, घराएवढे धोंडे होते. ती भिंत ओढ्यात उतरली, ओढ्याने वळली आणि काठावरच्या नव्या घरांच्या ओळीवरून शेताच्या अंगाला निघून गेली. पान चघळून होईल एवढ्यात सारं आटोपलं. घरं होती तिथे काळा चिखल उरला.

कातळावर नात रडत होती. आक्काने तिला उराशी धरलं आणि ती मटकन खाली बसली.

बऱ्याच वेळाने नाईकाने सगळी माणसं डोळ्यांनी चाचपली. गुरव नव्हता. पुढे चिखल वाळल्यावर त्याला पुष्कळ शोधला, तो सापडला नाही. सारं गाव वाचलं असं लोक सांगत, पण नाईकाने तसं कधी म्हटलं नाही. गुरवाला ओढ्याचा रस्ता आपणच दाखवला होता, हे तो विसरला नाही. आपण ढोल आणखी थोडा आधी वाजवायला हवा होता का, याचं उत्तर त्याला अखेरपर्यंत सापडलं नाही.

गावाने नवी घरं ओढ्यापासून दूर बांधली. लोक नाईकाची पुन्हा पूजा करायला निघाले, त्याने करू दिली नाही. तो म्हणाला, "आज मला आणि कातळाला देव केलंत, तर पुढच्या वेळी कातळच घातक ठरला तरी तुम्ही माझं ऐकणार नाही."

आक्काने भावाची माफी मागितली नाही. माफी मागणारी ती नव्हतीच. पण गावात कुणी परका पाहुणा आला, की ती भावाकडे बोट दाखवून सांगायची, "हा माझा भाऊ. एक नंबरचा पळपुटा." आणि असं म्हणताना तिचा आवाज भरून यायचा. पाहुण्याला काही कळत नसे. गावाला कळत असे.

तात्पर्य: एका संकटात ज्याने तारलं त्याला हात खुशाल जोडावेत, पण दुसऱ्या संकटात त्याच्या आसऱ्याला जाण्याआधी ते संकट कोणत्या वाटेने येतंय हे पाहावं.