मोडाची मटकी आणि कोल्ह्याचा ताजा वडा

एका जंगलात एक खार राहत असे, आणि पटले नाही तर ती कोणाच्या बापाचे ऐकत नसे. मुलांनो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सारे रामायण या एका खोडीपायी घडले. तिच्या उंबरावरच्या गोतावळ्यात शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच. नदीच्या वळणावर कासवगुरुजींचे वनमहाविद्यालय होते. कोणते मूळ तापावर द्यायचे, कोणत्या फळाला तोंडही लावायचे नाही, ही विद्या तिथे मिळे. जागा मोजक्या होत्या. एकदा पटावरून नाव गेले की ते पुन्हा लागत नसे.

तास सकाळी सुरू होत ते उन्हे कलेपर्यंत चालत. मधली सुटी म्हणजे वडाची सावली मोठ्या दगडावरून खाली उतरेपर्यंतचा वेळ, तेवढाच. फाटकाशी कोल्ह्याचे वड्यांचे दुकान होते. "ताजं घ्या, गरम घ्या," असे तो दिवसभर ओरडे, आणि रांग पार नदीपर्यंत जाई. ज्याला वडा मिळे त्याचा पुढचा तास बुडे. ज्याचा बुडत नसे, तो तेलकट पोटाने वर्गात डुलक्या काढी. ससा तर डोळे उघडे ठेवून झोपायला शिकला होता, आणि ती एवढी एकच विद्या त्याला पक्की येत होती.

खारीनेही पहिले दोन महिने हेच केले आणि पहिल्या चाचणीत ती नापास झाली. झऱ्याकाठी बसून ती पोटभर रडली. रडून झाल्यावर तिला राग आला, तोही स्वतःचाच. जगाला औषधे द्यायला निघालेल्या आपल्याला आपल्या पोटाची सोय करता येऊ नये, याची तिला लाज वाटली.

मग तिने एक रीत बसवली. शनिवारी सकाळी ती मटकी निवडून झऱ्याच्या पाण्यात भिजत घाली आणि संध्याकाळी उपसून, पळसाच्या पानांत घट्ट बांधून ढोलीत ठेवी. रविवारी तापल्या कातळावर शेंगदाणे भाजी, सातूचे पीठ करी, चिंचेचा गर वेगळा काढी. पाच दिवसांच्या पाच पुरचुंड्या एका ओळीत लागत. लवकर बिघडेल ते सोमवारी आणि मंगळवारी खायचे, टिकेल ते शेवटी. सुटी झाली की ती दगडावर बसून चार घासांत मोकळी होई आणि उरलेल्या वेळात पाठ घोकी.

पण वेगळे वागणाऱ्याला जग सुखाने जेवू देते थोडेच! शनिवारचे सोमवारी खाते म्हणून पोरे तिला 'शिळी खार' म्हणू लागली. कोल्ह्याने तर आरोळीतच भर घातली, "ताजं घ्या, गरम घ्या, शिळंपाकं दगडावर मिळेल." खारीला ते लागले. लागले नसते तर ती दगडाचीच असती. पण तिने जागा बदलली नाही. उलट रांगेकडे तोंड करून बसू लागली. एकदा तिने सशाला विचारले, "लोणचं मुरलं की मिटक्या मारता, आणि माझं धान्य भिजलं की ते शिळं कसं रे?" ससा तिच्याकडे एकटक बघत होता, म्हणजे झोपला होता.

हळूहळू हरणाची दोन पाडसे तिच्याकडे येऊन बारीक आवाजात रीत विचारून गेली. मग एक साळिंदर आले. रांग नदीपासून जांभळीपर्यंत आखडली, तसा कोल्हा गल्ला पुन्हा पुन्हा मोजू लागला. वार्षिक परीक्षेच्या सोमवारी, भर सुटीत त्याने खारीच्या हातची पुरचुंडी हिसकावली आणि गुरुजींसमोर सोडून जमिनीवर ओतली. प्रत्येक दाण्यातून पांढरी, वाकडी शेपटी बाहेर आली होती.

"अळ्या!" कोल्हा म्हणाला. "गुरुजी, ही पोरगी किडकं अन्न आणते. उद्या साऱ्या महाविद्यालयाला रोग लागेल."

अंगणभर शिसारी पसरली. रांगेत उभे राहून खाणाऱ्यांनी मोड कधी पाहिले होते? वडा तेवढा त्यांना ठाऊक, त्याच्या आधीचा दाणा नाही. गुरुजींनी मान पुढे काढली, पण वयाने त्यांची नजर अधू झाली होती. त्यांना दिसले ते काहीतरी पांढरे, इतकेच. आणि किडके अन्न आणील त्याचे नाव कमी होईल, हा नियम त्यांचाच. तरी ते मायेने म्हणाले, "पोरी, हे फेकून दे आणि सर्वांसमोर माफी माग. तुझं नाव मी कमी करणार नाही. परीक्षेचे दिवस आहेत, हट्ट करू नकोस."

एक शब्द बोलायचा अवकाश, की सगळे सुरळीत होणार होते. उंबरावर वाट पाहणारी आई तिला आठवली. पण न केलेल्या चुकीची माफी तिला मागवेना.

"माफी मागणार नाही, गुरुजी," ती म्हणाली. "हे मोड आहेत. मोडेन पण वाकणार नाही म्हणतात ना, तसे. अळ्या वाटत असतील तर एक दाणा इथंच पुरा आणि शेजारी कोल्होबांचा ताजा वडाही पुरा. शुक्रवारी बघू कशाला काय फुटतं ते. काही उगवलं नाही तर नाव खुशाल कमी करा. तोवर मी परीक्षा देणार आणि माझाच डबा खाणार. या दगडावर, सगळ्यांच्या देखत."

गुरुजींनी सावकाश मान हलवली. दाणा पुरला, वडा पुरला, दोन्ही जागी काटक्या रोवल्या. खारीने सांडलेली मटकी गोळा केली, झऱ्यावर धुऊन आणली आणि दगडावर बसून शेवटच्या दाण्यापर्यंत चावून खाल्ली. त्या दिवशी पाडसेही तिच्याजवळ आली नाहीत.

मंगळवार गेला. बुधवारीही माती होती तशीच होती. कोल्हा जाता-येता काटकीला नमस्कार करी आणि पोरे हसत. खारीला भीती वाटत होती, खोटे कशाला सांगू? दाणा पायदळी चिरडला असेल तर? खालून मुंगीने नेला असेल तर? उकरून पाहावे असे तिला दहादा वाटले. पण उकरलेले रोप जगत नाही, म्हणून ती पंजे आवरून शेंगदाणे खात राहिली आणि पुढचा पेपर लिहायला गेली.

गुरुवारी माती किंचित तडकली. शुक्रवारी सकाळी तिथे दोन हिरवी पाने उभी होती, टोकाला अजून मटकीची साल अडकलेली. वड्याच्या काटकीशी मात्र मुंगळ्यांची रांग लागली होती, नदीपर्यंत गेलेली, अगदी दुकानासारखी. गुरुजींनी तिथली माती उकरली आणि नाकावर पंजा धरला.

कोल्हा गडबडला. "वडा ही काय मातीत पुरायची वस्तू आहे?"

"मग पोटात पुरायची आहे का?" खारीने विचारले.

गुरुजी दोन पानांपाशी गेले, वास घेऊन आले. "माफी मागायला मी तुला सांगत होतो," ते म्हणाले. "ती आता माझ्याकडून घे. आणि या कोल्ह्याचं दुकान मी आजच उठवतो."

"उठवू नका, गुरुजी. ज्याला रांग आवडते त्यानं रांगेत उभं राहावं. मला माझा दगड पुरे." एवढे बोलून तिने शुक्रवारची पुरचुंडी सोडली, सातूच्या पिठात पाणी घातले आणि जेवायला बसली. दुपारचा पेपर बाकी होता.

ससा बराच वेळ बाजूला घुटमळत उभा होता. त्या दिवशी तो पूर्ण जागा होता. "शनिवारी केव्हा भिजवतेस?" त्याने विचारले.

"सकाळी. उशिरा आलास तर थांबणार नाही."

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. सोमवारी कोल्हा फाटकाशी नवी आरोळी देत होता, "मोडाची मटकी घ्या, ताजी ताजी!" पण रांगेत कोणीच नव्हते. सगळे दगडावर बसून आपापले शिळंपाकं खात होते.

तात्पर्य : ज्याने आपली शिदोरी आधीच बांधली, त्याला कोणाच्या रांगेत मान खाली घालून उभे राहावे लागत नाही, मग जग तिला शिळी म्हणो की किडकी.