बिनखुणेचा दगड

एका राज्यात एक तट होता. सकाळी उभा राहायचा आणि दिवस मावळला की ढासळायचा. पलीकडचं काळं धुकं मग नगरात शिरायचं, आणि ज्या घरात शिरे तिथली चूल विझायची.

सात पिढ्यांपूर्वी राजानं एका मांत्रिकाला हाकलून दिलं होतं. जाताना तो म्हणाला, "या तटात एक जरी दगड खोटा असेल, तर तट रोज पडेल आणि रचणाऱ्यांचे हात दगडाचे होतील." राजा हसला. तट राणोजी पाथरवटानं बांधलेला, त्यात खोट कुठून असणार? पण त्याच सांजेला तट पडला.

तेव्हापासून राणोजीचं घराणं तो रोज रचत आलं. आपले कष्टच कमी पडले असं त्यांना वाटलं, म्हणून बाप पहाटे उठे तर लेक त्याच्याही आधी उठे. कष्टाळू माणसाला दुसरं काही सुचतच नाही. घराण्याची रीत मोठी कडक होती. दोरीला वजन बांधलेला ओळंबा लावायचा, दगड सरळ बसला की माथ्यावर आपली खूण कोरायची. वरचा थर चढला की ती झाकली जाई. लोकांना दिसत नसे, आपल्याला ठाऊक असे.

सातव्या पिढीतल्या भिवराचा बाप खंडोजी अंथरुणाला खिळला होता. बारा वर्षांत दगडपण त्याच्या बोटांतून खांद्यापर्यंत चढलं होतं. त्या सांजेला तट पडताना पाहून भिवरा मटकन खाली बसली. तिला रडू आवरेना.

शेजारून एक टिटवी बोलली, "मी बसलेल्या माणसाशीच बोलते. तुमच्या घराण्यात आजवर कोणी बसलंच नाही."

"बोल, पक्षिणी."

"तुला तीन कामं आहेत. उद्या तट रचू नकोस. पायथा उकरून बिनखुणेचा दगड शोध. तो सूर्यास्ताआधी नीट बसव. घाई केलीस तर शाप जाणार नाही."

"आमच्यात बिनखुणेचा दगड?"

"राणोजीची लेक शेवटच्या घटका मोजत होती. त्यानं ओळंबा न लावताच दगड टाकला आणि घराकडे धावला. खूण मात्र कोरली नाही. खोटी खूण त्याला कोरवली नाही."

"लेक भेटली त्याला?"

"नाही," टिटवी म्हणाली. "पुढे त्यानं मुलांना कष्ट शिकवले. हे तेवढं सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी भिवरानं तट रचला नाही. धुकं भर दुपारी नगरात फिरत राहिलं. सात पिढ्यांच्या इमानावर हिनं पाणी ओतलं, असं लोक तिच्या तोंडावर म्हणाले. ती पायथा उकरत राहिली. दोन थर उकरल्यावर तो दगड सापडला. माथा कोरा होता, आणि खाली चुना नव्हता, नुसती पोकळी होती.

तिनं दगड काढला, धुतला, खाली चुना भरून पुन्हा ठेवला आणि ओळंबा सोडला. तेवढ्यात आत्या धापा टाकत आली.

"चल, पोरी. दगडपण तुझ्या बापाच्या छातीपर्यंत आलंय. तुझं नाव घेतोय."

भिवराचा जीव घराकडे धावला. पाय मात्र तिनं हलू दिले नाहीत.

"ओळंबा अजून हलतोय, आत्या."

ती पाहत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, कारण दोरी धरलेला हात हलला असता. ओळंबा स्थिर झाला. दगड बोटभर कललेला होता. तिनं तो सरळ केला, पुन्हा ओळंबा सोडला, पुन्हा थांबली. मग छिन्नी घेऊन तिनं खूण कोरली. स्वतःची नव्हे, शेजारच्या दगडांवर होती ती राणोजीची. ती कोरून होताच पडलेले दगड आपोआप उठले आणि थरावर थर चढत गेले. दिवस मावळला, पण तट पडला नाही.

भिवरा धावत घरी पोचली तेव्हा खंडोजीचे हात मऊ झाले होते. श्वास मात्र थोडेच उरले होते.

"ओळंबा थांबेपर्यंत थांबलीस?"

"थांबले, आबा."

"बरं केलंस." बारा वर्षांनी त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फिरवता फिरवताच तो हात थांबला.

नगरात चुली पेटल्या. राजानं बक्षीस विचारलं, भिवरानं काही मागितलं नाही. सकाळी ती सवयीनं कोंबड्याआधी उठली, हत्यारं घेऊन तटापाशी गेली. तट उभा होता. तेव्हा ती त्याला टेकून बसली आणि दिवस वर येईपर्यंत बापासाठी रडली.

राणोजीची खूण आता कोणाला दिसत नाही. तट अजून उभा आहे.