तांबटाने शेजार मागितला

एका गावात एक तांबट होता. नाव मोरशेट. त्याने घडवलेली घागर साऱ्या पंचक्रोशीत जायची. लग्न ठरले की मुलीचा बाप आधी मोरशेटकडे यायचा, मग सोनाराकडे. पण गंमत अशी, की भांडी सगळ्यांना हवी होती आणि भांड्यांचा ठोका कुणालाच नको होता. मोरशेट भाड्याने घर घेई, सामान लावी, आणि हातोडा पडू लागला की थोड्याच दिवसांत शेजारपाजारचे दारात उभे. पुन्हा बोचकी, पुन्हा बैलगाडी. त्याची बायको यमुना नव्या घरातली चूल लिंपतानाही हात आखडता घेई. सोडून जायची चूल, तिचे लाड कशाला करायचे, असे तिला वाटे. मोरशेटला ते दिसायचे आणि त्याच्या काळजाला घरे पडायची.

शेवटी दोघांनी ठरवले, आता घर घ्यायचे ते स्वतःचेच.

पलीकडच्या गावात मोरशेटला कुणी तोंडाने ओळखत नव्हते. तिथे घरांचे सौदे जुळवणारा सदोबा नावाचा दलाल होता. त्याच्या बोलण्यात गूळ इतका, की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. त्याने तिथल्याच दाजीबा कोष्ट्याचे घर दाखवले. घर ऐसपैस, मागे मोठे परसू, भट्टीला भरपूर जागा. परसात वालाचा वेल कुठे चढवायचा, तेही यमुनेने उभ्या उभ्या ठरवून टाकले. ते पाहून सदोबाने मोरशेटला बाजूला घेतले.

"तुम्ही भांड्यांचे व्यापारी आहात, एवढंच मी दाजीबाला सांगितलंय," तो म्हणाला. "तांबट म्हटलं तर तो दार लावून घेईल. एकदा घर नावावर झालं की खुशाल वाजवा हातोडा. तोवर मालकाशी तुम्ही बोलूच नका. काय बोलायचं ते मी बोलतो."

"बरं, तांबट असल्याचं सांगत नाही," मोरशेट कुजबुजला खरा, पण जेवताना त्याला घास गोड लागेना. आजवर प्रत्येक घरात असेच झाले होते. आधी तोंड मिटून राहायचे आणि मग हातोडा वाजवायचा. भाड्याच्या घरातून निदान निघून तरी जाता येत होते. फसवून घेतलेल्या घरात जन्मभर शेजाऱ्यांचे शिव्याशाप खात बसायचे, त्याला सुख कसे म्हणावे? पण खरे सांगितले आणि दाजीबा नाही म्हणाला, तर हातात आलेले घर जाणार होते. त्याने यमुनेला विचारले. ती म्हणाली, "मला घर हवंय. लपून बसायला जागा नकोय."

दुसऱ्या दिवशी मोरशेट सदोबाला न कळवता थेट दाजीबाच्या दारी गेला. दाजीबाचे आता वय झाले होते. माग विकून तो लेकीच्या गावी राहायला निघाला होता. मोरशेटने ओट्यावर बसायच्या आतच सांगून टाकले.

"दाजीबा, मी व्यापारी नाही, तांबट आहे. दिवसभर माझा ठोका चालतो. हे ऐकून घ्या आणि मग घर द्यायचं की नाही ते ठरवा."

दाजीबा खो खो हसला. "ते मला तुम्ही घर बघायला आलात तेव्हाच कळलं. अहो, तांबट कुजबुजला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. तुम्ही स्वतः कधी सांगता, तेवढंच बघत होतो."

जन्मभर ठोके ऐकून तांबटाचे कान मंद होतात आणि आवाज चढतो, हे एकट्या मोरशेटला सोडून साऱ्या गावाला ठाऊक होते.

मग दाजीबा त्याला मागच्या खोलीत घेऊन गेला. नवा चुना फासलेली भिंत त्याने नखाने खरवडली. खाली काळपट ओल होती. आषाढात ही भिंत पाझरते, हे सदोबानेच झाकायला सांगितले होते, आणि आपणही त्याचे ऐकले, असे दाजीबाने खाली मान घालून सांगितले. मोरशेटने भिंतीवरून हात फिरवला. गळके भांडे बघून तांबट कधी घाबरत नाही, तसा तो भिंतीलाही घाबरला नाही. डागडुजीचा खर्च दाजीबाने किमतीतून वजा केला आणि दोघांचे तिथेच जमले.

"पण एक आहे," दाजीबा म्हणाला. "घर माझं आहे, ते मी दिलं. शेजार काही माझ्या मालकीचा नाही. तो तुम्हालाच मागावा लागेल. तिकडून नाही आलं, तर माझंही नाही समजा."

पलीकडच्या घरात सगुणाबाई राहत होती. ती गावची सुईण. अर्धे गाव तिच्या हातावर जन्मलेले, त्यामुळे तिचा शब्द खाली पडत नसे. रात्री अपरात्री ती बाळंतिणींकडे धावायची आणि सकाळी येऊन झोपायची. मोरशेट पाय ओढत तिच्या दारात गेला. जमेल तितक्या हळू आवाजात त्याने आपला धंदा सांगितला.

सगुणाबाईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी अंथरुणावर पाठ टेकायची आणि तुम्ही हातोडा उचलायचा. हे जमायचं नाही, शेट."

 मोरशेटने रडगाणे गायले नाही. रोज सकाळी झोपता का, एवढेच त्याने विचारले. नाही, रात्र जागून आले तरच, असे ती म्हणाली.

"मग त्या दिवशी मधल्या भिंतीवर एक घागर पालथी ठेवा," मोरशेट म्हणाला. "ती दिसली की दुपारपर्यंत माझा हातोडा बंद."

"आणि घाईचं काम असलं तर?"

"घाई माझी, बाई. झोप तुमची."

 "बघू," सगुणाबाई म्हणाली आणि आत गेली. दाजीबाला तेवढे पुरले. चार पंचांसमोर कागद झाला आणि मोरशेट स्वतःच्या घरात राहायला आला.

पुढे लग्नसराई सुरू झाली. त्यातच गावात बाळंतपणेही एकामागून एक आली. भिंतीवर घागर दिसली की मोरशेट हातोडा खाली ठेवी आणि चिंच घेऊन भांडी घासायला बसे. गिऱ्हाइके तणतणत. एक चांगले गिऱ्हाईक तर कायमचे गेले. मोरशेट हळहळला, पण शब्दाला जागला.

इकडे सदोबाची दलाली बुडाली होती, त्यामुळे त्याचा जळफळाट चालला होता. तो घरोघर फिरून सांगू लागला की या ठोक्याने गल्लीचे कान फुटणार आणि बिचाऱ्या सगुणाबाईला तर झोपच उरली नाही. एका दुपारी तो दहा-बारा माणसे जमवून सगुणाबाईच्या अंगणात आला. शेजारी हातोडा दणदणत होता. अंगणातला गलका यमुनेने ऐकला, मोरशेटला हातोडा ठेवायला लावला आणि दोघे भिंतीपाशी आली. सगळी माणसे पाहून यमुनेचा चेहरा उतरला. पुढे काय होते, हे तिला पाठ होते.

सदोबा म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त हो म्हणा. आजच्या आज याला बोचकी बांधायला लावतो."

सगुणाबाई तांदूळ निवडत होती. सुपातून डोळे न उचलता ती म्हणाली, "कशाला? तो हातोडा मला विचारून वाजतो. तुम्ही मात्र न विचारता आलात."

अंगणात हशा पिकला. आलेली माणसे आपापल्या घरी गेली. सदोबा सर्वांत आधी गेला.

तात्पर्य: घर मालकाकडून विकत मिळते, पण शेजार कुणीच विकत देत नाही. तो मिळवायचा, तर स्वतः दारात जावे, आपले उणे आपणच आधी सांगावे आणि दिलेल्या शब्दाला जागावे.