ठमीच्या तोंडावरच्या रेघा

यंत्रं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. दूध डेअरीच्या वर्कशॉपात लोखंड फिरवून कातणारी एक लेथमावशी होती. दोन पाईप जोडणाऱ्या लोखंडी चकत्या, म्हणजे फ्लँज, ती लेकरांसारख्या घडवायची आणि शेवटी प्रत्येकीच्या तोंडावर बारीक गोल रेघा ओढायची.

त्यातली धाकटी ठमी रुसली. "मावशी, मलाच का गं ओरखडे? ती स्टीलची ताटली बघ, कशी आरशासारखी!"

"ताटलीला भात वाढून घ्यायचाय बाई. तुला वाफ अडवायचीय."

ठमीने ऐकलं नाही. मावशीचा डोळा लागताच ती पॉलिशच्या चाकाकडे जाऊन चकचकीत होऊन आली. उद्या पाण्याच्या जोराने परीक्षा होती, आणि गळेल ती थेट भंगारात.

परीक्षेत ठमी आणि तिच्या जोडीदारणीच्या मध्ये फट बुजवणारे मऊ गॅस्केटकाका बसले. बोल्ट आवळले, पाणी सोडलं, आणि काका सरकलेच. "पोरी, धरू कशाला? साबण लावून आलीस काय!" फस्सकन पाणी उडालं.

भंगाराची टोपली बघून ठमी रडायला लागली. मावशीने तिला घट्ट धरलं. "उगी. तुझ्या अंगावर केसभर लोखंड मी जास्तीचं ठेवलंय, परत रेघा ओढता येतील. लेकरं हट्ट करायचीच."

"मावशी, रेघा नीट ओढ हं."

दुसऱ्या परीक्षेला एक थेंब गळला नाही. आता ठमी वाफेच्या पाईपवर असते. तरी मावशी रोज सकाळी हाक मारतेच, "कोरडी आहेस ना गं बाळा?"